बिनहाडाचा पेशंट

धाराशिवला आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, त्या घरमालकांनी मला एवढ्या वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. "भाडेकरू!" अशी आरोळी जिन्याखालून यायची, आणि मी, कचेरीत चार माणसं ज्याला साहेब म्हणतात तो मी, "आलो, आलो" करत खाली पळायचो. बायको म्हणायची, "माझी हाक ऐकू येत नाही, खालची बरी येते." तिला काय सांगणार? त्या हाकेत अपमान नव्हता. ते जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. जन्मभर पेशंटला म्हैस, शेळी, खोंड याच नावांनी ओळखलेलं. त्या हिशेबात मी भाडेकरू या प्राण्यात मोडत होतो.

तपासायचेही तसेच. एकदा मी जिना उतरत होतो, तर खालून म्हणाले, "थांबा. परत वर जा. हं, आता उतरा." मी उतरलो. "मागच्या डाव्या पायात दोष दिसतोय." मला मागचे पाय आहेत हे मला असं चाळिशी उलटल्यावर कळलं. अजूनही माझं काही दुखायला लागलं की मुलगी आधी विचारते, "पुढचं की मागचं?"

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बदलीची नोकरी. सामान कमी असलेलं बरं." आणि असं म्हणणाऱ्या माणसानं निवृत्त झाल्यावर जमवलं काय, तर समुद्र. लोकांच्या हॉलमध्ये जिथं टीव्ही आणि सोफा असतो, तिथं यांच्या हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी होती आणि तीत खारं पाणी, खडक, पोवळी, नारंगी मासे, काचेवर चढणाऱ्या शंखवाल्या गोगलगायी, एक लाजरी कोळंबी. धाराशिवहून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस गाडीत जातो. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायच्या दिवशी लोक रजा टाकायचे. अशा गावात हा माणूस मशीननं पाणी गाळून त्यात पुण्याहून मागवलेलं समुद्राचं मीठ तोलून घालायचा. पार्सलवर गावाचं जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं लिहायला लावायचा. "मीठ भलतीकडं गेलं तर माशांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

उन्हाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त टाकी चालायची. पंखे बंद. "माणसाला घाम तरी येतो. माशानं काय करावं?" मग मी दुपारचा खाली जाऊन टाकीजवळ बसायचो. तिथं बरा गारवा असायचा. त्यांना वाटायचं मला माशांची गोडी लागली. मीही तसंच वाटू दिलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही समुद्र बघितलाय का हो?" असं मी एकदा विचारलं होतं.

"बघितलाय की. रत्नागिरीला एका मीटिंगला गेलो होतो."

"कसा वाटला?"

"लई मोठा. लक्ष ठेवायला जमायचं न्हाय."

या टाकीतलं मुख्य दैवत म्हणजे तळाशी खडकावर बसलेला एक तळहाताएवढा शिंपला. परदेशात कुठं तरी शेतात पिकवावा तसा वाढवलेला, कागदपत्रांसकट आलेला. त्याची दोन कवचं उघडी असत आणि मधून मखमली, निळाजांभळा ओठ बाहेर सांडलेला असे. त्यावर हिरवे ठिपके. त्याला खायला काही घालत नसत. त्याच्या अंगातच शेवाळ राहतं, ते उजेडावर वाढतं आणि त्यावर हा जगतो, असं डॉक्टरसाहेब सांगायचे. सास्तूरहून त्यांच्याकडे आलेला एक जुना ओळखीचा शेतकरी हे ऐकून म्हणाला, "म्हंजे उन्हावर जगतंय? मग आमच्याकडं आणून सोडा की. तिथं दुसरं हाय काय?"

निवृत्त झाले तरी लोक जनावरं दाखवायला न्यायचेच त्यांना. मी एक-दोनदा सोबत गेलो. त्यांची एक रीत होती. गेल्या गेल्या जनावराला हात लावायचे नाहीत. गोठ्यात काही तरी उलटं टाकून त्यावर बसायचे, चहा प्यायचे, नुसतं बघायचे. मग एकच प्रश्न: "काय बदललं?" मालक म्हणायचा, "काय न्हाय, साहेब." यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मुकं जनावर खोटं बोलत न्हाय. मालक बोलतो."

लोहाऱ्याला एकाचा बैल लंगडत होता. आम्ही गेलो तर तिथं पाव्हणेरावळे जमलेले. डॉक्टरसाहेबांनी तासभर बैलाकडं बघितलं आणि मग बैलाऐवजी कोपऱ्यातल्या कोऱ्या मोटरसायकलकडं बोट दाखवलं. "ही कवा आली?" गाडी सावलीत लावायची म्हणून बैलाला त्याच्या सपाट जागेवरून उठवून उताराला बांधला होता. सगळा भार एका पायावर. "बैलाला काय झालं न्हाय," डॉक्टरसाहेब सगळ्या पाव्हण्यांसमोर म्हणाले, "आजार तुमाला झालाय, मोटरसायकलीचा." दुसऱ्या दिवशी बैल जागेवर गेला आणि पाय सुधारला. पण त्या माणसानं परत कधी यांना बोलावलं नाही. मी परतीच्या जीपमध्ये म्हणालो, "साहेब, बाजूला घेऊन सांगितलं असतं तर?" ते म्हणाले, "निदान हळू सांगायची गोष्ट न्हाय. हळू सांगितलं की माणूस ते अर्धंच ऐकतो."

अशा माणसाकडे अक्का राहायला आल्या.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तेरला असायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. डोळ्याचं ऑपरेशन करायला म्हणून डॉक्टरसाहेबांनी त्यांना आणलं. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तरी परत पाठवायचं नाव काढेनात. मला जिन्यात गाठून म्हणाले, "भाडेकरू, अक्काला आता हितंच ठेवायचं. तिकडं एकटी काय करंल?" हे त्यांनी मला सांगितलं, आमच्या हिलाही सांगितलं. फक्त अक्कांना सांगितलं नाही. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पंधरवड्यानं जाते." त्यांची पिशवी खुंटीला भरलेलीच असायची.

त्यांना करमायचं नाही याचं कारण आम्हाला कळत होतं. बहिणीनं कामाला हात लावला की डॉक्टरसाहेब ओरडायचे. "बस तू! जन्मभर केलंस. आता बस." स्वैपाकाला बाई, भांड्याला बाई. अक्का खुर्चीत बसून टाकी बघायच्या. "ह्याचा काठ बघ," आमच्या हिला शिंपला दाखवून म्हणायच्या, "अगदी इरकलीचा. आन् डाक्टर म्हणतो ह्याला जीव हाय." डॉक्टरसाहेबांना त्या 'डाक्टर'च म्हणायच्या. त्या एका शब्दात कौतुक किती आणि टोमणा किती हे भावालाही ओळखू येत नसावं.

अक्का आल्यावर महिन्याभरात टाकी बिघडली.

आधी गोगलगायी. काचेवर चढायच्या त्या तळाशी पडून राहायला लागल्या. मग कोळंबी दिसेना. मग शिंपल्याचा ओठ आक्रसला. काठाशी चिमटून आत ओढल्यासारखा, रंग उडालेला. शिंपला नुसता आ वासून. एरवी त्याच्यावर हाताची सावली पडली तरी तो झटकन मिटायचा. त्याला डोळे नसतात पण काठावरच्या ठिपक्यांना उजेड-अंधार कळतो. आता डॉक्टरसाहेब त्याच्यावर हात फिरवायचे, परत फिरवायचे, आणि तो हलायचा नाही. त्या दिवसांत ते नीट जेवले नाहीत.

शेवटी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. ते, अक्का, मी, आमची ही. मला गोठ्यात उभं असल्यासारखं वाटत होतं.

"काय बदललं?" त्यांनी विचारलं.

मग माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हणालो, "डासांची उदबत्ती नवीन कंपनीची आणलीय." ही म्हणाली, "मी जिना फिनेलनं पुसला." दिव्याचा उजेड, पाण्याची उष्णता, नवीन मासा त्याचा ओठ कुरतडतोय का, असं एकेक निघत गेलं आणि डॉक्टरसाहेब एकेकाला मान हलवत गेले. खरं म्हणजे त्या घरात महिन्याभरात एकच गोष्ट बदलली होती. ती आमच्या सगळ्यांच्या जिभेवर होती आणि प्रत्येकानं ती गिळली.

अक्कांनीच ती बाहेर काढली. "म्या आले की. आनखी काय बदललंय?"

"काय तरी बोलू नको, अक्का!" डॉक्टरसाहेब एवढ्या जोरात ओरडले, की ही दचकून माझ्या मागं सरकली. मागच्या डाव्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ते सकाळपासून टाकीसमोर स्टूल टाकून बसले. मला "भाडेकरू, बसा" म्हणाले, म्हणून मीही बसलो. माशांना खाणं टाकलं तर मासे नेहमीसारखे झडप घालून आले. तेव्हा त्यांचा हात हवेतच राहिला.

"बघा," ते म्हणाले. "हाडवाल्यांना काय झालं न्हाय. बिनहाडाचेच चाललेत. गोगलगाय, कोळंबी, शिंपला. मासा टुणटुणीत." मग हळूच, "मोरचूद."

मला वाटलं उपाशीपोटी बोलतायत. पण ते सांगायला लागले. नोकरीत असताना जनावरांच्या काळजात चपटे जंत व्हायचे, तेव्हा हे तळ्याकाठी मोरचूद टाकायला लावायचे. कारण त्या जंताचं लहानपण गोगलगाईच्या पोटात जातं; गोगलगाय मेली की जंत संपला. "आन् मोरचूद म्हंजे काय? तांबं. गोगलगाईला तांबं चालत न्हाय. ह्या सगळ्या बिनहाड्यांना चालत न्हाय. माशाला थोडं सोसतं." ते उठले. "पर तांबं आलं कुठनं?"

अक्का वर आमच्या हिच्याकडं तांदूळ निवडायला गेल्या होत्या. आम्ही दोघं स्वैपाकघरात गेलो. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात रोज आटायचं. मीठ मात्र आटत नाही, म्हणून भर घालायची ती मशीनमधल्या गोड्या पाण्याची. ते पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठत असे. कॅन रिकामा होता. शेजारी अक्कांचा तेरहून आणलेला हंडा होता. चिंचेनं घासून असा लखलखीत, की त्यात आमची दोघांची तोंडं उमटली. वर ताटली. आत काठोकाठ पाणी.

आता मला आठवलं. "साहेब, अक्का आमच्या हिला म्हणत होत्या, मशीनचं पाणी मेलेलं असतं. तांब्यात मुक्कामी ठेवलं की त्यात जीव येतो."

म्हणजे दिवसा मशीनचा कॅन भरला की अक्का तो हंड्यात ओतायच्या आणि पहाटे भावाच्या आधी उठून हंड्यातलं परत कॅनमध्ये भरायच्या. टाकी सुधरेना, तशी चिंच जास्त लावून हंडा घासायच्या. भावाच्या शिंपल्याला चांगलं पाणी मिळावं म्हणून. आणि भाऊ तेच पाणी रोज प्रेमानं टाकीत घालायचा.

डॉक्टरसाहेब हंड्याच्या कडेला हात टेकून उभे राहिले. निदान झालं होतं. आता ते आरोळी ठोकतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "भाडेकरू, दार लावा."

मी लावलं.

"हिला सांगितलं तर ही उद्याच्या उद्या जाईल. आधीच परकी असल्यासारखी बसती. 'म्या आले की' म्हणाली, ऐकलंत न्हवं?"

"मग?"

"तुमी अंगावर घ्या."

"मी काय घेऊ?"

"काय बी घ्या. तुमचा चेहरा हाय तसा."

माझ्या चेहऱ्याबद्दलचं हे निदान मी मुकाट्यानं स्वीकारलं. डॉक्टरसाहेबांनी मशीनचा कॅन न्हाणीघरात नेऊन ठेवला आणि हंडा स्वतःच्या खोलीत. अक्कांना सांगितलं, "पोटासाठी मला तांब्यातलं पाणी प्यायला सांगितलंय." संध्याकाळी मी खाली उतरून, घसा साफ करून म्हणालो, "अक्का, चूक माझी झाली. मी टाकीजवळ उदबत्ती लावली होती. त्याच्या धुरानं शिंपला आजारी पडला."

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "लेकरा, तुमच्या त्या उदबत्तीनं एक डास कवा मेला न्हाय."

"तरी पण, अक्का..."

"नीट खोटं बोलायला अजून लई दूध प्यावं लागंल तुमाला. जा, जेवा जा."

त्या मला हसल्या पण भावाकडं बघून नाही हसल्या. पुढचे तीन-चार दिवस खालून आवाजच येईना. डॉक्टरसाहेब दार लावून न्हाणीघरात पाणी मिसळायचे, टाकीतलं जुनं काढून नवं घालायचे, पाण्यातलं विष शोषणारा टाकीचा कोळसाही त्यांनी पुण्याहून मागवला. अक्का जवळ आल्या की, "तू बस, अक्का." एवढं जपून, गोड आवाजात ते बोलायला लागले की मलाच भीती वाटायची. आधी हातातलं काम काढून घेतलेलं. आता हंडाही गेला होता. आणि गोगलगायी त्या न्हाणीघरातल्या नव्या पाण्याच्या टबात टाकल्या तर त्या दुसऱ्या दिवशी चालू लागल्या, म्हणजे निदान पक्कं होतं. शिंपला मात्र तसाच आ वासून.

एक दिवस सकाळी अक्का पिशवी घेऊन दारात उभ्या. "तेरची गाडी गाठते."

"का?" डॉक्टरसाहेब टाकीतून ओला हात काढत आले.

"का म्हंजे? पंधरवडा कवाच झाला."

"अजून डोळ्याचे थेंब हायत."

"तेरला बी डोळा माझ्यासंगंच येतो, डाक्टर."

मी जिन्यात उभा होतो. कचेरीला उशीर होत होता आणि हलवत नव्हतं. अक्का पायरी उतरल्या. फाटकापर्यंत गेल्या. डॉक्टरसाहेबांचा चेहरा मी बघत होतो. लोहाऱ्याला मोटरसायकलकडं बघताना होता तसा तो होत गेला.

"अक्का!" ते ओरडले. समोरच्या किराणा दुकानातली माणसं वळली. "मालकानं खोटं सांगितलं! शिंपल्याला तुझ्या हंड्यानं बिघडवलंय. तांब्यानं. तू मारायला घेतलंस त्याला!"

मी डोळे मिटून घेतले. निदान हळू सांगायची गोष्ट नाही हे मान्य, पण एवढं?

अक्का फाटकाला धरून उभ्या राहिल्या. पिशवी खाली ठेवली. "माझ्या पाण्यानं?"

"व्हय."

"कवापासनं ठाऊक हाय तुला?"

"तीन-चार दिस झाले."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू जाशील म्हणून."

अक्का म्हणाल्या, "अरं येड्या, चालले की म्या! तू सांगितलं न्हाईस म्हणूनच चालले." आवाज फाटला होता. "दार लावून बसतोस. गोड बोलतोस. म्हटलं, झालं, आता आपन जड झालो ह्याला. सगळ्या गावाच्या तोंडावर खरं बोलतोस आन् बहिणीशी..." पदर डोळ्याला लावायला गेल्या, तर डॉक्टरसाहेब म्हणाले, "चोळू नको! ऑपरेशनचा डोळा हाय." त्या तशाच हसल्या.

मग पिशवी उचलून आत आल्या. मी जिन्यात होतो, माझ्या अंगावरून जाताना म्हणाल्या, "आन् तुमी. उदबत्ती." बस्स, एवढंच. मी कचेरीत दिवसभर मान खाली घालून बसलो.

संध्याकाळी आलो तर अक्का न्हाणीघरात पदर खोचून बसलेल्या, बादलीत समुद्राचं मीठ ढवळत. "आजारी जनावर टाकून जाऊ व्हय मी?" हे त्या कुणाला म्हणत होत्या कळेना, घरात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होत्या. "म्या बिघडवलंय, म्याच बरं करनार." डॉक्टरसाहेब शेजारी उभे राहून हुकूम सोडत होते. "हळू ढवळ. कोळसा आधी धू. असा न्हवं धुवायचा." बहिणीवर ते इतके मोकळेपणानं खेकसत होते, की वर आमच्या हिनं सुटकेचा श्वास टाकला.

शिंपला वाचेल की नाही याची खात्री डॉक्टरसाहेबांना नव्हती आणि त्यांनी अक्कांना तसं स्पष्ट सांगितलं. "मेला तर तुझ्यामुळं मरंल." "ठाऊक हाय," अक्का म्हणायच्या आणि पुढची बादली उचलायच्या. रोज थोडं जुनं पाणी निघायचं, थोडं नवं पडायचं. एक गोगलगाय मेली. कोळंबी परत कधीच दिसली नाही. मीही मीठ तोलायला शिकलो, पण मी तोललेलं अक्का परत तोलायच्या.

कोणत्या दिवशी ते आता आठवत नाही, पण दुपार होती आणि वीज गेलेली, म्हणून मी अर्थातच खाली टाकीजवळ बसलो होतो. अक्का काच पुसत होत्या. पुसता पुसता त्यांच्या हाताची सावली शिंपल्यावरून गेली आणि शिंपला मिटला. पुरता नाही. जेमतेम. काठ थरथरून आत गेला आणि कवचं एका सुताएवढी जवळ आली.

अक्कांनी हात मागं घेतला. चेहरा पडला त्यांचा. "डाक्टर," त्या हळू म्हणाल्या, "अजून रागावलंय रं हे माझ्यावर. मला बघून तोंड मिटलं."

डॉक्टरसाहेब आतून धावत आले. स्टुलाला अडखळले. "परत कर! परत हात फिरव!"

अक्कांनी भीत भीत फिरवला. शिंपला परत मिटला.

डॉक्टरसाहेब काचेला कपाळ लावून उभे होते आणि खांदे हलत होते; हसत होते की काय ते मागून कळायला मार्ग नव्हता. "रागावू दे," ते शेवटी म्हणाले. "रागावलं म्हंजे वाचलं, अक्का. मरणारं जनावर रागवत न्हाय."

अक्का बघत राहिल्या. शिंपल्याचा ओठ पुन्हा हळूहळू बाहेर सरकत होता. एका बाजूनं काठ कुरतडल्यासारखा गेलेला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी ओला हात पदराला पुसला, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बरं, आता रोजचं पाणी किती न् कवा बदलायचं ते नीट सांग मला. त्या हिशेबानं उठत जाईन. आन् त्या स्वैपाकाच्या बाईला म्हणावं, सकाळचा चहा मी करते. तिच्या चहाला काय चव न्हाय."